सगळे एआयकडे निघाले असताना वेबमध्ये थांबणे: एका डेव्हलपरच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली डेव्हलपर आठ-नऊ वर्षे वेबवर काम करत होती. ओळख पटू नये म्हणून तिचे नाव, कंपनीचे नाव आणि काही तपशील वगळले आहेत. कंपनी मध्यम आकाराची आणि उत्पादन एकच: दवाखान्यांसाठी भेटीची वेळ आरक्षित करण्याची प्रणाली. रुग्ण ब्राउझरमधून वेळ घेतो, फॉर्म भरतो, जुने अहवाल पाहतो. या काळात तिची मार्गदर्शक म्हणून मी तिच्याशी नियमित बोलत होते. हा वृत्तान्त त्या बोलण्यांवर आणि तिने स्वतः ठेवलेल्या टिपणांवर आधारलेला आहे, तिच्या संमतीने.

तिने सुरुवात जेक्वेरीने (वेबपाने लिहायला मदत करणारा तयार कोडचा संच) केली. पुढे अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क (वेबपाने बांधण्याचा तयार सांगाडा) आले, ते तिने मन लावून शिकून घेतले आणि कंपनीचे निम्मे उत्पादन त्यात उभे केले. मग रिॲक्ट या तशाच दुसऱ्या साधनाचा जोर वाढला, अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला आणि त्याच स्क्रीन तिने पुन्हा रिॲक्टमध्ये लिहिल्या. रुग्णाच्या दृष्टीने त्यात काहीही बदलले नव्हते. पुढचे बरेच काही या अनुभवातून समजते. तिला कंटाळा आला होता तो तेच काम नव्या नावाने पुन्हा करण्याचा. पण तेव्हा तिला तो वेबचाच कंटाळा वाटत होता.

२०२१ मध्ये ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर जपलेली सामाईक नोंदवही) आणि एनएफटीचा (त्यावरच्या डिजिटल मालकीच्या नोंदींचा) बोलबाला होता. ऑक्टोबरमध्ये फेसबुकने कंपनीचे नाव बदलून मेटा केले, तेव्हा टीममधले दोघे ब्लॉकचेनमधल्या नोकऱ्या शोधू लागले आणि गेलेही. तिने फारसा विचार केला नाही. हातातले रिॲक्टकडचे स्थलांतर अर्धवट सोडणे तिला पटत नव्हते, एवढेच कारण होते.

अडचण

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि या वेळी लाट थेट ऑफिसात आली. काही महिन्यांत कंपनीत एआयची वेगळी टीम तयार झाली. रुग्णांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा सहायक त्यांनी बनवायचा होता. कंपनीच्या मासिक बैठकीत आता त्याच टीमचा डेमो पहिला असे आणि फ्रंट-एंडचे (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या पानांचे) काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जाई. तिच्याच बरोबरीचा एक सहकारी त्या टीममध्ये गेला. मॅनेजरने तिलाही विचारले, "तू येतेस का? जागा आहे, आणि आत्ता येशील तर सुरुवातीपासून असशील."

आमच्या पहिल्या बोलण्यात ती एकच वाक्य फिरून फिरून म्हणत होती: "वेबमध्ये आता उरलंय काय?"

त्या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. त्या सुट्या करायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि माझ्या मते या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडले ते हेच. पहिली गोष्ट मानाची. आपले काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही याचे तिला वाईट वाटत होते आणि त्यात काही गैर नाही. दुसरी पैशाची, कारण एआय टीमच्या जागांना वरची श्रेणी दिली जात होती. तिसरी खऱ्याखुऱ्या भीतीची होती. कोड सुचवणारे साधन तिने वापरून पाहिले होते. साधा नोंदणी फॉर्म, यादीचे पान, त्यावरचे फिल्टर, हे सगळे ते साधन क्षणात लिहून देत होते. तिच्या आठवड्यातला मोठा भाग याच कामाचा होता.

तिन्ही गोष्टींवरचा उपाय वेगळा आहे. मान मिळत नसेल तर काम दिसेल असे मांडावे लागते. पैसा कमी पडत असेल तर बोलणी करावी लागतात किंवा जागा बदलावी लागते. कामच यंत्राकडे चालले असेल, तर मात्र कामाचे स्वरूप बदलल्यावाचून गत्यंतर नाही, मग क्षेत्र कोणतेही असो. क्षेत्र बदलल्याने या तिन्ही गोष्टी एकदम सुटतील असे तिला वाटत होते.

समोरचे पर्याय

एआय टीममध्ये जाणे हा सर्वांत सोपा पर्याय होता. मुलाखत नाही, कंपनी तीच, श्रेणी वरची. मोबाइल ॲपकडे वळण्याचा विचारही तिने केला होता. पण रुग्ण वर्षातून दोन-तीनदाच ही सेवा वापरतो आणि तेवढ्यासाठी ॲप उतरवून घेत नाही, हे तिला वापराच्या नोंदींवरून माहीत होते. त्यामुळे तो विचार तिथेच थांबला. काहीच न करता आहे ते चालू ठेवणे हाही पर्याय होता. बहुतेक लोक नकळत तोच निवडतात. तिसऱ्या गोष्टीला, म्हणजे भीतीला, त्यात उत्तर नव्हते, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला.

उरला तो वेबमध्येच राहून काम बदलण्याचा पर्याय. ऐकायला तो बरा वाटे, पण नक्की काय बदलायचे हे तिला सांगता येत नव्हते. जोवर ते सांगता येत नाही तोवर हा पर्याय म्हणजे "काहीच न करणे" याचेच दुसरे नाव आहे, असे मी तिला म्हटले होते आणि आजही माझे तेच मत आहे.

वेब कुठे जात नाही, हा युक्तिवाद तिने अनेकदा ऐकवला. तो खरा आहे, पण अपुरा आहे. क्षेत्र टिकणे आणि त्या क्षेत्रातली आपली किंमत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला निर्णय: आधी करून पाहणे

तिने मॅनेजरकडे थेट होकार किंवा नकार दिला नाही. काही आठवडे एआय टीममध्ये उसनी जाऊन काम करू द्या, अशी विनंती केली. मॅनेजर थोडे कुरकुरले, पण मान्य झाले.

तिथले काम तिने कल्पिले होते त्यापेक्षा वेगळे निघाले. एआयचे मॉडेल घडवण्याचा प्रश्नच नव्हता, ते बाहेरून घेतलेले होते. दिवस जात होता तो उत्तरांची तपासणी करण्यात. रुग्णांचे शेकडो नमुना प्रश्न जमवायचे, प्रत्येकाला अपेक्षित उत्तर काय ते ठरवायचे, मॉडेलला दिलेल्या सूचनांत थोडा बदल करायचा, सगळे पुन्हा चालवायचे आणि काय सुधारले, काय बिघडले ते पाहायचे. तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन तऱ्हांची उत्तरे येत. हे काम महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी चिकाटी लागते. तिला ते जमतही होते.

रोज संध्याकाळी ती दोन ओळी लिहून ठेवत असे: आज कशात वेळेचे भान राहिले नाही आणि आज कशात घड्याळ पाहिले. उत्तरांची तपासणी जवळजवळ नेहमी दुसऱ्या ओळीत होती. पहिल्या ओळीत वारंवार येत होते ते त्या सहायकाचे पान. उत्तर लांबले की पान अडखळते, ते का? रुग्ण मधेच थांबवू का शकत नाही? बैठकीत सगळे अचूकतेवर बोलत असताना ती विचारत असे, "हे उत्तर फोनवर वाचणाऱ्याला कसं दिसणार?" टीममध्ये हा प्रश्न दुसरे कोणी विचारत नव्हते.

मुदत संपल्यावर तिने जागा नाकारली. आवड हे एक कारण होतेच. त्याहून मोठे कारण असे, की त्या टीममध्ये जे काम कोणाकडेच नव्हते ते तिला येत होते, आणि ते वेबचे काम होते.

दुसरा निर्णय: शिकायचे ते काय

राहायचे ठरल्यावर प्रश्न आला अभ्यासाचा. तिची जुनी पद्धत नवे फ्रेमवर्क आले की ते शिकण्याची होती. या वेळी तिने आपल्या आठ-नऊ वर्षांचा ताळेबंद मांडला. शिकलेले किती वाया गेले आणि किती अजून वापरात आहे? डायरेक्टिव्ह आणि स्कोप या अँग्युलरजेएसच्या खास संकल्पना आता उपयोगाच्या नव्हत्या. एचटीटीपीचे कॅशिंग (एकदा आलेली माहिती जवळ साठवून पुन्हा वापरणे), फॉर्म कसा पाठवला जातो, ब्राउझर पान कसे रंगवतो, क्लिकसारखे इव्हेंट पानाच्या रचनेत कसे वर जातात, हे सगळे पहिल्या दिवसाइतकेच कामाचे होते.

यामागे वेबचा स्वभाव आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून जुने पान मोडू द्यायचे नाही ही शिस्त ब्राउझर बनवणाऱ्यांनी बऱ्याच निष्ठेने पाळली आहे. सर्नने जपलेली पहिल्या संकेतस्थळाची प्रत आजच्या ब्राउझरमध्ये उघडते आणि वाचता येते. दर काही वर्षांनी बदलतो तो वरचा थर. तिचा थकवा त्या थराचा होता.

म्हणून तिने ठरवले की अभ्यासाचा बहुतेक वेळ खालच्या थराला द्यायचा: ब्राउझर, एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (पानाचे रूप), वेग आणि ॲक्सेसिबिलिटी (अपंगत्व असलेल्यांनाही पान वापरता येणे). रिॲक्ट कामापुरते. हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो, कारण नोकरीच्या जाहिरातींत फ्रेमवर्कची नावे असतात, ब्राउझर पान कसे रंगवतो हे नसते.

काय केले

आधी वेग. मे २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले होते की पानाचा प्रतिसाद मोजण्यासाठी एफआयडीऐवजी (फर्स्ट इनपुट डिले) आयएनपी (इंटरॲक्शन टू नेक्स्ट पेंट) हे माप मार्च २०२४ पासून वापरले जाईल. फरक मोठा आहे. एफआयडी फक्त पहिल्या क्लिकनंतर ब्राउझर काम हाती घ्यायला किती थांबला ते पाहत होते. आयएनपी पूर्ण भेटीतल्या सगळ्या क्लिक, टॅप आणि कळा पाहते, आणि पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ धरते. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगले. कंपनीचे पान जुन्या मापात हिरवे, म्हणजे चांगले, होते. तिने नवे माप लावून पाहिले तर वेळ निवडण्याचे पान लाल निघाले. तारखेवर टॅप केले की सगळे महिने नव्याने रंगवले जात होते, आणि त्याच क्षणी विश्लेषणाची (वापराच्या नोंदी ठेवणारी) स्क्रिप्टही आपले काम उरकून घेत होती. तिने फक्त बदललेला आठवडा रंगवण्याची व्यवस्था केली आणि विश्लेषणाचे काम पडदा रंगल्यानंतर ढकलले. मुखपृष्ठावरच्या सर्वांत मोठ्या चित्राला कोणीतरी 'लेझी' (गरज पडेल तेव्हाच चित्र आणण्याची सूचना) लावून ठेवले होते, त्यामुळे जे सर्वांत आधी दिसायला हवे तेच उशिरा येत होते. ते काढल्यावर एलसीपी (पानातला सर्वांत मोठा भाग दिसायला लागणाऱ्या वेळेचे माप) अडीच सेकंदांच्या मर्यादेत आले. हे काम तिने मापाचा बदल लागू होण्याच्या आधी संपवले.

मग ॲक्सेसिबिलिटी. वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख मुखपृष्ठे तपासली तेव्हा ९५.९ टक्के पानांवर यंत्राला सापडतील अशा चुका होत्या. फिका मजकूर, चित्रांना नसलेला पर्यायी मजकूर, लेबल नसलेले फॉर्म, अशा साध्या चुका. कंपनीचे पान त्याला अपवाद नव्हते. वेळ निवडण्याचे कॅलेंडर पूर्णपणे 'डिव्ह'वर (ब्राउझरला ज्यांचा अर्थ कळत नाही अशा नुसत्या चौकटींवर) बांधलेले होते. कीबोर्डवर चालणाऱ्याला त्यात शिरता येत नसे आणि शिरलाच तर बाहेर पडता येत नसे. ब्राउझरचे स्वतःचे तारखेचे खाने इथे पुरणार नव्हते, कारण कोणत्या वेळा शिल्लक आहेत तेही दाखवायचे होते. तिने ते खरी तक्ता-रचना आणि खरी बटणे वापरून नव्याने बांधले, बाणाच्या कळांनी दिवस बदलता येईल असे. दवाखान्याची वेळ घेणारा माणूस बहुधा आजारी, वयस्कर किंवा घाईत असतो. त्याला कॅलेंडर वापरता न येणे म्हणजे उपचार लांबणे. यावर ती पोटतिडकीने बोलत असे, आणि ते योग्यच होते.

तिसरे काम सहायकाच्या पानाचे, आणि त्याने चित्र बदलले. मॉडेलचे उत्तर तुकड्या-तुकड्याने येते. मूळ नमुन्यात प्रत्येक तुकड्याला सगळे उत्तर पहिल्यापासून पुन्हा रंगवले जात होते, म्हणून साध्या फोनवर लांब उत्तर अडखळत होते. वाचणारा वर सरकला तरी पान त्याला ओढून खाली नेत होते. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारे साधन) प्रत्येक तुकडा जाहीर करू पाहत असल्याने नुसती बडबड ऐकू येत होती. शिवाय मॉडेलचा मजकूर जसाच्या तसा एचटीएमएल म्हणून पानात घातला जात होता, ज्यातून घातक स्क्रिप्ट शिरू शकली असती.

तिने येणारे तुकडे जमवून फ्रेममागे (पडदा ताजा होतो त्या प्रत्येक वेळी) एकदाच रंगवले, मजकूर आधी गाळून घेतला, वापरणारा स्वतः तळाशी असेल तरच पान खाली नेले आणि स्क्रीन रीडरला उत्तर पूर्ण झाल्यावरच कळवले. थांबवण्याचे बटण दिले, आणि ते दाबल्यावर सर्व्हरवरची निर्मितीही थांबेल याची काळजी घेतली. नुसते पडद्यावरचे थांबवून मागे मॉडेल चालूच राहिले असते तर त्याचा खर्च होतच राहिला असता. जोडणी तुटली तर आलेले अर्धे उत्तर जपून ठेवले. एआय टीमनेच पुढच्या बैठकीत हे काम दाखवले.

परिणाम

परिणाम संमिश्र आहे आणि तो तसाच सांगायला हवा.

कामाचे स्वरूप खरोखर बदलले. साधे फॉर्म आणि याद्या आता बहुतांशी साधनाकडून लिहून घेतल्या जातात आणि ती त्या तपासते. त्यात तिला तेच ते दोष सापडतात: बटणाऐवजी क्लिक लावलेले 'डिव्ह', लेबल नसलेले खाने, पान सोडले तरी रद्द न होणारी विनंती. खालच्या थराचा अभ्यास इथे उपयोगी पडला, कारण हे दोष कोड चालतो तेव्हा दिसत नाहीत. युरोपीय महासंघाचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. त्याच्या आसपास मोठ्या ग्राहकांकडून या विषयावर प्रश्नावल्या येऊ लागल्या, तेव्हा उत्तरे देऊ शकणारी कंपनीत तीच होती. यथावकाश फ्रंट-एंडची प्रमुख म्हणून नेमणूक झाली.

पैशाच्या बाबतीत ती मागे राहिली. बरोबरीचा सहकारी एआय टीममध्ये तिच्या आधी वरच्या श्रेणीत पोचला आणि ते अंतर अजून पूर्ण भरलेले नाही. तिचे काम कमी मोलाचे होते म्हणून असे झाले, हे मी मानत नाही. कंपनीकडे फ्रंट-एंडमध्ये वर जाण्याची शिडीच आखलेली नव्हती. ती शिडी नंतर, तिच्याच आग्रहाने, लिहिली गेली. आणि ब्लॉकचेनकडे गेलेल्या दोघांपैकी एक आता पुन्हा वेबवर काम करतो, दुसरा तिकडेच आहे आणि समाधानी आहे. एकाच लाटेबरोबर गेलेल्यांचे काय झाले यावरून काही ठरवू नये, असे मला वाटते.

वेगळे काय करता आले असते

तिने वेगाचे काम सुरू केले तेव्हा आधीची मापे नीट नोंदवून ठेवली नव्हती. सुधारणा झाली हे सर्वांना जाणवले, पण किती झाली हे बढतीच्या बोलणीत दाखवता आले नाही. कामाला हात घालण्याआधी एक दिवस मोजमापाला दिला असता तर चित्र वेगळे दिसले असते.

पैशाचा विषय तिने फार उशिरा काढला. एआयची जागा नाकारली त्याच बैठकीत, "मी इथे राहते, पण याच श्रेणीचा मार्ग इकडेही हवा," असे म्हणण्याची सर्वांत चांगली वेळ होती. तेव्हा कंपनीला तिची गरज होती आणि पर्यायही समोर होता. तिला ते सौदेबाजीसारखे वाटले म्हणून ती गप्प राहिली. माझ्या मते तो हक्काचा प्रश्न होता.

उसने जाण्याचा प्रयोग मात्र मी कोणालाही सुचवीन, एका बदलासह. तिने रोजच्या दोन ओळी फक्त नव्या कामाबद्दल लिहिल्या. जुन्या कामाबद्दलही आधी काही आठवडे तशाच लिहिल्या असत्या, तर फ्रेमवर्क बदलण्याचा थकवा आणि वेबचा कंटाळा यांतला फरक तिला महिनाभर आधी सापडला असता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. टीममधल्या नवशिक्यांच्या दोन जागा रिकाम्या झाल्या त्या पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. ज्या साध्या फॉर्मवर ती स्वतः शिकली ते आता साधन लिहिते. दोष ओळखायला अनुभव लागतो आणि तो अनुभव देणारे कामच कमी झाले आहे. तिने मागणी केली आहे की एक जागा तरी भरावी, आणि त्या नवख्याला सुरुवातीचे काही महिने साधनाने लिहिलेल्या कोडची तपासणी आपल्या शेजारी बसून करू द्यावी. मंजुरी अजून आलेली नाही. पुढच्या आढाव्यात ती हा मुद्दा पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी मापांसह.